व्हायरलनंतर सुरू झालेली धडधडीची गोळी बंद कधी आणि कशी करायची?

एक गैरसमज आधीच क्लिअर करून टाकू. व्हायरल होऊन गेल्यावर धडधडीसाठी गोळी सुरू झाली, आता पल्स मस्त ७२ येतोय, म्हणजे आपण बरे झालो, गोळी सोडायला हरकत नाही, असं खूप जणांना वाटतं. आणि बरोबर उलटंही खूप जणांना वाटतं, की ७२ येतोय म्हणजे गोळी सूट झालीय, कशाला उगाच हात लावा. आकडा एकच आणि निष्कर्ष दोन टोकांचे, कारण मुळात त्या आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही. उतारावर ब्रेक दाबून सायकल चालवताय आणि ती हळू चालतेय, यावरून उतार संपला की नाही हे कसं कळणार? ब्रेक थोडा सैल करूनच बघावं लागतं. गोळी बंद करणं म्हणजे तेवढंच, हळूहळू सैल करत बघायचं, फक्त बघताना फसायला कुठे होतं ते आधी माहीत हवं.

पण त्याही आधी ही गोळी नेमकी कशासाठी लिहिली होती ते शोधून काढा. हे बोअरिंग वाटतं पण सगळं यावरच अवलंबून आहे. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल हे सगळे बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणाऱ्या गोळ्या, आणि एकच गोळी पाच वेगवेगळ्या कारणांसाठी दिली जाते. कुणाला नुसती धडधड होती म्हणून, कुणाला बीपी होतं म्हणून, कुणाला व्हायरसमुळे हार्टच्या स्नायूला सूज आली होती म्हणजे मायोकार्डायटिस झाला होता आणि पंपिंग कमी झालं होतं म्हणून. या तिसऱ्या माणसासाठी ठोके कमी करणं हा गोळीचा साईड बिझनेस आहे, तिचं खरं काम कमजोर हार्टला सांभाळणं हे आहे, आणि त्याने "माझा पल्स आता छान आहे" म्हणून ती सोडली तर मोठा घोळ होऊ शकतो. तसंच ज्यांना आधीपासून अँजायना (हार्टला रक्त कमी पडून छातीत दुखणं) आहे, हार्ट अटॅक येऊन गेलाय, एट्रियल फिब्रिलेशन किंवा एसव्हीटीसारखी रिदमची गडबड आहे, त्यांचा हिशोब पूर्ण वेगळा, त्यांनी पुढचं वाचलं तरी स्वतःला लावू नये. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे ज्यांचा ईसीजी आणि टूडी इको नॉर्मल आला, रिदम नॉर्मल पण फास्ट निघाला, ज्याला डॉक्टर सायनस टॅकिकार्डिया म्हणतात, आणि "थोडे दिवस घ्या" म्हणून गोळी मिळाली. ते थोडे दिवस म्हणजे किती हे चिठ्ठीवर नसतंच.

आता ठोके वाढतातच का. ताप असताना तर सरळ आहे, ताप एक डिग्री सेल्सिअसने चढला की ठोके साधारण दहाने वाढतात. प्रश्न ताप गेल्यानंतरचा आहे. हार्ट एका मिनिटात किती रक्त पुढे ढकलतं हे दोन गोष्टींवर ठरतं, एका ठोक्यात किती रक्त जातं आणि ठोके किती पडतात. पहिलं कमी झालं की दुसरं वाढणार, इलाजच नाही. आजारपणात घाम, उलट्या, जुलाब, न जेवणं, यातून अंगातलं पाणी कमी होतं. त्यात पडून राहणं, आणि पडून राहण्याने किती नुकसान होतं याचा लोकांना अजिबात अंदाज नसतो. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये पाच धडधाकट, विशीतल्या मुलांना तीन आठवडे बेडवर झोपवून ठेवलं आणि आधी-नंतर त्यांची ताकद मोजली, तर ती पाव हिश्श्याहून जास्त घसरलेली निघाली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना शोधून परत मोजलं, तर तीस वर्षं वय वाढूनही जेवढी ताकद गेली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांत गेली होती. आणि ही मुलं आजारीही नव्हती हो, नुसती झोपून होती.

शिवाय व्हायरस आपल्या ऑटोनॉमिक नर्व्ह सिस्टीमलाही त्रास देऊ शकतो, म्हणजे ठोके, बीपी, घाम वगैरे आपल्याला न विचारता सांभाळणारी जी यंत्रणा आहे ती. हे काही नवीन खूळ नाही. १८७१ साली डा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गृहयुद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिलं होतं, धडधड, दम, थकवा, आणि तपासलं तर हार्टमध्ये काही सापडत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा त्रास ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर सुरू झालेला. त्यामुळे "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं ऐकावं लागलं असेल तर तुम्ही पहिले नाही.

मुद्दा असा, की ठोके वाढण्यामागे एखादं साधं, दुरुस्त होणारं कारण बसलेलं असेल तर गोळी कमी करण्याआधी ते काढा. हिमोग्लोबिन कमी असेल तर शरीर मुद्दाम ठोके वाढवतंय, तिथे गोळी सोडायची ट्रायल फेलच होणार. थायरॉइडचं तर खास बघा. काही जणांना व्हायरलनंतर काही आठवड्यांनी थायरॉइडला सूज येते, मानेत पुढच्या बाजूला दुखतं, कधी कानापर्यंत कळ जाते, आणि ग्रंथीत साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं म्हणून ठोके वाढतात, हात थरथरतात, वजन उतरतं. इथे बीटा ब्लॉकर फक्त तो सांडलेला साठा संपेपर्यंतच लागतो. साठा संपला की कित्येकदा उलट थायरॉइड काही काळ कमी पडतं, माणूस आधीच सुस्तावलेला, त्यात वरून बीटा ब्लॉकर चालूच, मग "व्हायरलनंतर माझा थकवा जातच नाही". थकवा दरवेळी आजाराचाच नसतो, न थांबवलेल्या गोळीचाही असू शकतो. म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) एकदा नॉर्मल आला होता एवढ्यावर थांबू नका, सुरुवातीला आणि नंतर असा दोनदा बघितलेला बरा.

हे सगळं झालं, आता कधी. यासाठी कॅलेंडरवर ठरलेली तारीख नाही, कुणी "बरोबर सहा आठवड्यांनी बंद" असं ठामपणे सांगत असेल तर तो अंदाज आहे एवढं समजा. काहींचं काही आठवड्यांत निवळतं, काहींना महिने लागतात. पण शरीर खुणा देत असतं. गेल्या काही आठवड्यांत रोजची कामं आजाराआधीसारखी व्हायला लागलीयत का. विसरून एखादा डोस उशिरा घेतला गेला तेव्हा काही जाणवलं का, की रात्री आठवलं तेव्हाच कळलं. सकाळी पुढची गोळी घ्यायच्या आधीचा पल्स किती असतो, हा तर फार उपयोगी आकडा आहे आणि तो सहसा कुणी बघत नाही. साधं प्रोप्रॅनोलॉल किंवा साधं मेटोप्रोलॉल रक्तातून तसं लवकर उतरतं, काही तासांत निम्मं होतं, म्हणजे सकाळच्या डोसच्या आधी त्याचा जोर सगळ्यात कमी असतो आणि तेव्हाही पल्स शांत असेल तर चांगलं लक्षण आहे. बिसोप्रोलॉल निम्मं व्हायला दहा-बारा तास लागतात, एक्सटेंडेड रिलीज गोळ्या तर बनवलेल्याच दिवसभर पुरायला, तिथे ही सकाळची खिडकी तेवढी उघडत नाही. आणि एक खूण तर उलट दिशेची आहे, पल्स पन्नाशीत जायला लागला, उठलं की डोळ्यापुढे अंधारी, हातपाय गार, दिवसभर मरगळ. म्हणजे उतार संपलाय आणि तुम्ही अजून ब्रेक दाबून बसलाय. तेव्हा डॉक्टरांना पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करा.

मुहूर्तही बघावा लागतो, पंचांगातला नव्हे. परत ताप आलाय, झोप उडालीय, परीक्षा किंवा ऑफिसमध्ये डेडलाईन आहे, लांबचा प्रवास आहे, कडक उन्हाळ्याची लाट आहे, अशा आठवड्यात डोस कमी करू नका. करून चालत नाही असं नाही, पण ठोके वाढले तर ते गोळीमुळे की बाकीच्या भानगडीमुळे हे कुणालाच सांगता येणार नाही आणि ट्रायल वाया जाईल. बायकांमध्ये पाळीच्या आधीच्या दिवसांत विश्रांतीतला पल्स तसाही थोडा वर असतो, तेही धरून चला. आणि एका वेळी एकच बदल. गोळी कमी केली त्याच दिवशी जिम सुरू केली, कॉफी परत सुरू केली, असं करू नका.

आता मुख्य फसगत. बीटा ब्लॉकर काय करतो, तर अ‍ॅड्रेनलिन हार्टवर जिथे जाऊन बसतं त्या जागा, बीटा रिसेप्टर, तो अडवून ठेवतो. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने साठच्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आणलं आणि १९८८ मध्ये त्याला नोबेल मिळालं, इतकी ही आयडिया मोठी होती. पण शरीरही हुशार असतं. आठवडे-महिने या जागा अडवलेल्या दिसल्या की ते नवीन जागा तयार करतं आणि आहेत त्यांना जास्त संवेदनशील करतं. गोळी चालू आहे तोवर काही कळत नाही. अचानक बंद केली की या सगळ्या वाढीव जागा एकदम मोकळ्या होतात आणि नेहमीचंच अ‍ॅड्रेनलिन दुप्पट जोराने लागल्यासारखं वाटतं. ठोके, थरथर, घाम, घाबरल्यासारखं होणं. याला रिबाउंड म्हणतात. ज्यांच्या हार्टच्या नसांमध्ये ब्लॉकेज आहे त्यांना यातून अँजायना किंवा थेट अटॅक येऊ शकतो, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, मान्य केलेल्या या गोळ्यांच्या माहितीपत्रकांत इशारा असतो की एकदम बंद करू नका.

तरुण, नॉर्मल हार्टवाल्या माणसाला रिबाउंड सहसा धोका देत नाही, पण तो गंडवतो, आणि ते जास्त कॉमन आहे. स्ट्रिप संपली, म्हटलं बघू आता गोळीशिवाय. पहिला दिवस ठीक, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धडधड, आजारात होती त्याहून जास्त. झालं, पक्कं झालं की आजार आत तसाच आहे आणि मला गोळीशिवाय जमणार नाही, आणि पुढची दोन वर्षं गोळी चालू. खरं तर त्या दिवशी जे दिसलं ते आजाराचं नव्हतंच, गोळी झटक्यात सोडल्याचं होतं. मला विचाराल तर उगाच वर्षानुवर्षं चाललेल्या गोळ्यांमागे हा एक गोंधळ फार मोठा आहे.

दोन्हीत फरक कसा ओळखायचा? शंभर टक्के नाही ओळखता येत, पण दोन्हींची चाल वेगळी असते. रिबाउंड डोस कमी केल्यावर थोड्या दिवसांत येतो, चढतो आणि काही न करता एक-दोन आठवड्यांत ओसरतो. मूळ त्रास ओसरत नाही, तो तसाच राहतो किंवा आठवड्यागणिक वाढतो, आणि त्याचा जुना पॅटर्न घेऊन येतो, म्हणजे आधी उभं राहिल्यावर व्हायचं तर आताही उभं राहिल्यावरच. म्हणून डोस कमी केल्यावर पहिल्या तीन दिवसांवरून निकाल लावू नका. आणि अजून एक तिसरी शक्यता आहे जी रिबाउंडही नाही आणि आजारही नाही. गोळीवर ६८ असलेला पल्स गोळीशिवाय ८२ झाला, तर बाबा तो तुमचाच पल्स आहे. मोठ्या माणसाचा विश्रांतीतला नॉर्मल ६० ते १०० धरतात. गोळीवरचा आकडा हा गोळीचा आकडा होता, तो परत मिळवायचा हट्ट कशाला. शिवाय महिनोन्महिने न जाणवलेले ठोके परत जाणवायला लागतात, विशेषतः प्रोप्रॅनोलॉल सुटल्यावर, कारण ते टेन्शनची थरथर आणि काही जणांची मायग्रेनसुद्धा दाबून ठेवत होतं. डोकं दुखायला लागलं तर ते व्हायरलचं नसून जुनीच मायग्रेन वर आलेली असू शकते.

कमी करायचं कसं, तर पायऱ्यांनी, आणि पायऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यायच्या. नुसतं समजण्यापुरतं उदाहरण देतो: दिवसाला ५० मिलिग्रॅम चालू असेल तर एक-दोन आठवडे २५, मग एक-दोन आठवडे साडेबारा, मग बंद. खूप महिने घेतली असेल, डोस मोठा असेल तर आणखी सावकाश. काही जण स्वतःच्या डोक्याने एक दिवसाआड घ्यायला लागतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण लवकर उतरणाऱ्या गोळीत तुम्ही दर दुसऱ्या दिवशी स्वतःला छोटा रिबाउंड देत बसता. रोज घ्या, पण कमी घ्या. गोळी तोडायची असेल तर आधी विचारा. मेटोप्रोलॉलच्या एक्सटेंडेड रिलीज गोळ्यांवर मधे रेघ असेल तर त्या सहसा रेघेवर अर्ध्या करता येतात पण चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत, आणि हळू सुटणाऱ्या कॅप्सूल उघडून अर्धी पूड घेणं हा तर प्रकारच नको, त्यापेक्षा कमी पॉवरची लिहून घ्या.

काहींना धडधडीसाठी बीटा ब्लॉकरऐवजी इव्हाब्रॅडिन नावाची गोळी देतात, तिचं थोडं वेगळं आहे. ते बीटा रिसेप्टरला हात लावत नाही, हार्टमध्ये ठोका जिथून सुरू होतो त्या सायनस नोडमधला एक करंट तेवढा मंद करतं, ज्याला शास्त्रज्ञांनी चक्क "फनी करंट" असं नाव दिलंय. त्यामुळे वाढीव रिसेप्टरवाला रिबाउंड इथे लागू होत नाही, तरीही बरेच डॉक्टर पायरीनेच उतरवतात म्हणजे पल्स कुठे जातो ते नीट दिसतं. कधीकधी डोळ्यांपुढे चमचम दिसते, ती गोळीची असते, घाबरू नका पण सांगा. प्रेग्नन्सीत ही चालत नाही, प्लॅनिंग चालू असेल तर थांबवायचा विषय आधीच काढा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स आणि फंगसच्या काही गोळ्या हिच्यासोबत चालत नाहीत, नवीन डॉक्टरकडे गेलात तर ही घेताय हे सांगायला विसरू नका.

मोजण्याबद्दल. डोस कमी करायच्या आधीच एक आठवडा मोजून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार. सकाळी जाग आल्यावर पाच मिनिटं पडूनच राहा, पडल्या पडल्या पल्स आणि बीपी घ्या, मग उभे राहा आणि दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या मिनिटाला परत घ्या. चक्कर आली तर बसा, हिरोगिरी नको, जवळ कुणीतरी असू द्या. बाजूला एका ओळीत कसं वाटलं ते लिहा, कारण नुसत्या आकड्यांनी डॉक्टरांनाही काही कळत नाही. दिवसभर स्मार्टवॉचकडे बघत बसू नका, हात हलत असताना घड्याळ चुकतं, आणि आकडा बघून घाबरलं की आकडा अजून वाढतो, मग ते चक्र थांबत नाही. बीपी घ्यायचं कारण हे, की बीटा ब्लॉकरने बीपीही दाबलेलं असतं आणि गोळी गेल्यावर कुणाकुणाचं खरं बीपी तेव्हा उघडं पडतं.

हे उभं राहून मोजणं आणखी एका कामाचं आहे. पडल्यावरच्या पल्सपेक्षा उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ३० किंवा जास्त ठोके वाढत असतील, १२ ते १९ वयात ४०, बीपी खास पडत नसेल, आणि त्रास तीन महिन्यांहून जास्त चाललेला असेल तर डॉक्टर पॉट्स या आजाराचा विचार करतात. हे नाव १९९३ चं आहे आणि व्हायरलनंतर तो सुरू होणं चांगलंच माहितीतलं आहे. फक्त हे मोजमाप गोळी चालू असताना घेतलं तर ३० चा फरक १८ दिसू शकतो, म्हणून कधीकधी डोस कमी करतानाच पहिल्यांदा कळतं की हे नुसतं व्हायरलनंतरचं अशक्तपण नव्हतं. पॉट्समध्ये गोळी हा उपचाराचा छोटा भाग आहे. पाणी आणि मीठ वाढवणं (बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर हे परस्पर करू नका), पोटापर्यंत येणारे घट्ट स्टॉकिंग्ज, आणि बसून किंवा आडवं होऊन करायचा व्यायाम, टेकून चालवायची सायकल, रोइंग, पोहणं, हे आधी नीट बसलं की मग गोळी कमी करायची ट्रायल टिकते. मात्र थोडंसं काम केल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस आडवाच होत असेल तर व्यायाम रेटू नका, तो प्रकार वेगळा आहे आणि त्यात रेटल्याने माणूस मागे जातो. मायोकार्डायटिस होऊन गेलेल्यांनाही डॉक्टर साधारण तीन ते सहा महिने दमवणारा व्यायाम टाळायला सांगत आलेत, पल्स कितीही छान असो.

जमलं नाही तर? तर एक पायरी मागे या, पहिल्या पायरीवर नको. साडेबारावर त्रास झाला तर २५ वर थांबा, काही आठवडे जाऊ द्या, परत बघा. काहींचं दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जमतं, आणि काही जणांना छोटा डोस लांबवर लागतो, त्यात कमीपणा काही नाही. पण छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, बसल्या जागी दम लागणं, ठोके एकदम अनियमित होणं, किंवा शांत बसूनही पल्स १२० च्या आसपासच अडकून राहणं, यातलं काही झालं तर हा डोसचा विषय राहत नाही, सरळ इमर्जन्सीत जा. एकाच पायाला सूज आणि सोबत अचानक दम असेल तर गुठळीची शंका असते, तिथे तर अजिबात थांबायचं नाही.

आणि बंद झाल्यावर उरलेल्या स्ट्रिपचं काय करता ते सांगतो, ती ड्रॉवरमध्ये ठेवता. सहा महिन्यांनी परत ताप येतो, पल्स ११५ होतो, आणि हात त्या ड्रॉवरकडे जातो. तापात पल्स वाढणारच आहे, तो जुना त्रास परत आलेला नाही, आणि जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तर ते वाढलेले ठोकेच बीपी धरून ठेवत असतात, त्यात बीटा ब्लॉकर टाकला तर उभं राहताना पडाल. दमा असेल तर श्वासाचा त्रास वाढू शकतो, आणि डायबेटिसवाल्याची शुगर खाली गेली तर धडधडीची खूणच गायब होते. तापाचं औषध घ्या, पाणी प्या, ताप उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही पल्स खाली आला नाही तर तेव्हा डॉक्टरांकडे जा, तुमची ती मोजमापाची वही घेऊन.